आधी चावी, मग बाकी!

नव्या शहरात नोकरी लागली की आपण आधी काय शोधतो? राहायला जागा. फ्लॅट नाही तर निदान कॉट बेसिस! पत्ता मिळाला की बँक, सिम, गॅस सगळं मार्गी लागतं. मग बेघर माणसालाच उलटं का सांगतो आपण? आधी दारू सोड, काम धर, मग घराचं बघू!

हा क्रम फिरवला म्हणून मला हेलसिंकी जाम आवडतं. फिनलंडने २००८ साली ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे आधी घर, हे धोरण घेतलं. रात्रीपुरती खाट देणाऱ्या निवाऱ्यांच्या जागी फ्लॅट आले. हेलसिंकीतल्या साल्व्हेशन आर्मीच्या सुमारे २५० खाटांच्या निवाऱ्यात २०१२ मध्ये ८१ फ्लॅट झाले. फुकट नाही हं! भाडेकरार स्वतःच्या नावावर, भाडंही भरायचं. कमी पडलं तर सरकारी भत्ता, अडलं तर मदतीला कर्मचारी त्याच इमारतीत. दारू सुटली नाही म्हणून घर जात नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमध्ये १६ हजारांहून जास्त बेघर होते. २०२३ मध्ये राहिले साडेतीन हजारांच्या आत. २०२४ मध्ये मात्र बऱ्याच वर्षांनी आकडा वाढला. त्याच वर्षी घरभत्त्याला कात्री लागली होती. म्हणजे बॉस, नुसती चावी देऊन भागत नाही, भाड्याची सोयही टिकवावी लागते.

पुढच्या महिन्याच्या भाड्याची चिंता आपल्याला नकोशी वाटते. पण ती करायलाही आधी घर लागतं!