मान वर केली म्हणजे काम झालं?

बँकेच्या काउंटरमागं वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'ताबडतोब' या शब्दाचे जितके अर्थ ठाऊक असतात, तितके शब्दकोशातही सापडायचे नाहीत. म्हणूनच वेबपानं किती तत्पर आहेत हे मोजायची संगणकवाल्यांची घड्याळं पाहिली आणि मला एकदम आपुलकी वाटली. अहो, ही तर आमच्यातलीच मंडळी!

त्यांचं जुनं माप 'फर्स्ट इनपुट डिले'. गूगलनं 2020 साली त्याला गादीवर बसवलं. तुम्ही पानावर पहिल्यांदा बोट टेकवलंत की घड्याळ सुरू. ब्राउझर त्या बोटाची दखल घ्यायला मोकळा झाला की बंद. काम झालं का, ते विचारायचं नाही. म्हणजे गिऱ्हाइकानं "अहो साहेब" म्हटलं, साहेबांनी पेपरातून मान वर केली, झाली सेवा! पुढं स्लिप तासभर पडून राहिली तरी शेरा 'उत्तम'. आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलेलं बटण? ते हिशेबातच नाही. बी.कॉम.ला मी असा ताळेबंद मांडला असता, तर सरांनी वही खिडकीबाहेर भिरकावली असती.

12 मार्च 2024 रोजी हे माप निवृत्त झालं. जागेवर आलं 'इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट'. हे पुष्कळच प्रामाणिक. प्रत्येक टिचकी, प्रत्येक कळ मोजायची, बहुधा सर्वांत रेंगाळलेली धरायची आणि पडद्यावर पुढचं चित्र उमटेपर्यंत घड्याळ थांबवायचं नाही. 200 मिलिसेकंदांच्या आत उमटलं तर चांगलं, 500च्या पुढं गेलं तर वाईट. (200 म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा! आमच्याकडं तेवढ्यात चष्मासुद्धा नाकावर येत नाही.)

पण पळवाट इथंही आहेच. पुढचं चित्र म्हणून नुसतं गोल गोल फिरणारं चक्र उमटलं तरी चालतं! बोट लागलं एवढं तरी कळतं, हे मान्य. पण ते चक्र म्हणजे आमचं "बसा जरा".

माझा खरा राग आहे तो पंचाहत्तरीवर. शंभर भेटींपैकी पंचाहत्तर वेळेत बसल्या की पान पास. उरलेल्या पंचवीस कुणाच्या? त्यांत नातवाचा जुना फोन वापरणारे पेन्शनर आजोबा हमखास असणार. महागड्या फोनला फुलासारखं वाटणारं पान त्या फोनला गोणीसारखं होतं. आजोबा दाबतात, काही हलत नाही. पुन्हा दाबतात, आणि मग पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी. "पैसे दोनदा तर नाही ना हो गेले?"

पान बनवणाऱ्यांनी एकदा आजोबांच्या फोनवर, वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला, आपलंच बटण दाबून पाहावं. घड्याळ मी धरतो.