फ्रिज चालू आहे, पण गार आहे का?

मुकुटबन-वणी भागातला उन्हाळा ज्यांनी भोगला आहे, त्यांना फ्रिज ही चैन वाटत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की सकाळचे वरण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दूध, मळलेली कणिक, उरलेला भात आणि मधुमेही रुग्णाचे इन्सुलिन, सारे फ्रिजच्या भरवशावर असते. दिवा लागतो, आवाज येतो, वर बर्फ होतो, म्हणजे फ्रिज ठीक, असे आपण धरून चालतो. हा समज आरोग्याला घातक ठरू शकतो.

दोन दारांच्या 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रिजमध्ये गारवा फ्रीजरमागच्या नळ्यांवर तयार होतो व पंखा तो खालच्या कप्प्यांत पोहोचवतो. नळ्यांवर साचणारे हिम एक हीटर ठराविक वेळाने वितळवतो. नळ्या किती थंड आहेत हे डीफ्रॉस्ट सेन्सर सांगतो, त्यावर हीटरचे काम चालते. हा लहानसा भाग बिघडला की हिमाचा थर वाढतो आणि हवेची वाट बंद होते. मग वर बर्फ टणक आणि खाली दूध नासलेले, असा प्रकार दिसतो.

अशा वेळी 'गॅस संपला' हे निदान घाईने मान्य करू नये. गॅस गळला तर बहुधा फ्रीजरही गार राहत नाही. प्लग काढून, दारे उघडी ठेवून दिवसभर हिम वितळू द्यावे. त्यानंतर फ्रिज नीट चालून चार-आठ दिवसांनी पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष बहुतेक डीफ्रॉस्टच्या यंत्रणेत असतो. सेन्सर आणि हीटर दोन्ही मल्टिमीटरने तपासायला मेकॅनिकला सांगावे. चाकूने बर्फ खरवडू नये. नळी फुटते, आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

आता आरोग्याचे. शिजवलेले अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. त्याहून गरम कप्प्यात जंतू वाढतात, पण वास वा चव बदलेलच असे नाही. काही जंतूंचे विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. उष्णतेने त्याचा गुण हळूहळू कमी होतो. मग डोस तोच, पण साखर वाढलेली, आणि दोष मात्र रुग्णाच्या पथ्याला! ते वाचवायला फ्रीजरमध्येही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

सरकारी लसीकरणात लसींच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवण्याचा नियम आहे. घरी इतके नको, पण फ्रिजचा साधा थर्मामीटर प्रत्येक घरात हवाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात तो रात्रभर ठेवावा व सकाळी पाहावा. आकडा ५ च्या वर सतत दिसला तर आधी उरलेले अन्न टाकावे, इन्सुलिनबाबत डॉक्टरांना विचारावे, मग मेकॅनिकला बोलवावे.

अन्न टाकताना जीव हळहळतो खरा. पण वाटीभर भाजीपेक्षा घरातल्या लेकराचे पोट मोलाचे आहे.