मोनॅकोचे लाल निशाण आणि कारध्याचा पूल

१/ भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर कारधा हे गाव आहे. येथे नदीवर दोन पूल आहेत. एक जुना, ठेंगणा, ब्रिटिश अमदानीतला. दुसरा राष्ट्रीय महामार्गाचा, उंच. पावसाळ्यात वैनगंगा चढू लागली की जुना पूल वाहतुकीसाठी बंद केला जातो. त्यानंतर पाणी पुलावरून गेले, तर निर्णयाची कोणी फारशी चर्चा करीत नाही. पाणी पुलाखालूनच ओसरले, तर मात्र ‘उगाच बंद केला’ हे वाक्य ठरलेले.

२/ या तक्रारीत इतिहासाचा एक जुना पेच दडलेला आहे. जो अपघात घडलाच नाही, त्याचा पुरावा कोठून आणायचा? थांबवणाऱ्या माणसाचा न्याय कोणत्या आधारावर करायचा? हा पेच नीट तपासता येईल असे एक उदाहरण मोटार शर्यतींच्या इतिहासात आहे: ३ जून १९८४ ची मोनॅको ग्रां प्री. शहराच्या रस्त्यांवरची, भर पावसातली आणि मध्येच थांबवलेली शर्यत. तिच्याविषयी प्रचलित असलेली कथा अर्धवट आहे, हे दाखवण्यासाठी हा थ्रेड.

३/ आधी जागा. मोनॅकोत शर्यतीसाठी वेगळे मैदान नाही. एरवी बस आणि टॅक्सी ज्या रस्त्यांवरून धावतात, तेच रस्ते लोखंडी कठडे लावून बंद केले जातात. त्या काळी एक फेरी साधारण ३.३ किलोमीटरची होती: चढ, उतार, अरुंद वळणे, एक बोगदा आणि शेजारी बंदर. गाडी घसरली तर थांबायला मोकळी जमीन नाही. समोर थेट कठडा. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे तेल सांडल्यासारखे निसरडे होतात.

४/ त्या दिवशी पावसामुळे शर्यत सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाली. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा होता. ओल्या टायरवरून एकदम कोरड्यावर आणि पुन्हा ओल्यावर जाणे धोक्याचे, म्हणून निकी लाउडाच्या आग्रहावरून बोगद्यातही पाणी मारण्यात आले. पहिल्याच वळणावर रेनॉ संघाच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि पॅट्रिक तांबे या चालकाचा पाय जायबंदी झाला. नायजेल मॅन्सेल प्रॉस्टला मागे टाकून आघाडीवर गेला आणि काही फेऱ्यांतच कॅसिनोकडे जाणाऱ्या चढावर घसरून कठड्याला धडकला. पुढे लाउडाही घसरून बाहेर पडला.

५/ अ‍ॅलेन प्रॉस्ट पुन्हा पहिला झाला. त्याच्या मागून मात्र एक तरुण वेगाने येत होता. आयर्टन सेनाचा हा पहिलाच मोसम. टोलमन हा लहान संघ. सुरुवातीची जागा तेरावी. तरीही फेरीगणिक तो प्रॉस्टच्या जवळ सरकत होता. त्याच्याही मागे, सर्वांत शेवटच्या जागेवरून निघालेला स्टेफान बेलोफ टिरेलची गाडी घेऊन तिसरा झाला होता. प्रॉस्ट गाडीतून हात हलवून शर्यत थांबवण्याची खूण करू लागला. शर्यतीचे प्रमुख अधिकारी जॅकी इक्स यांनी लाल निशाण दाखवले. ७७ पैकी ३१ फेऱ्यांवर निकाल धरला गेला. प्रॉस्ट पहिला, सेना सुमारे साडेसात सेकंदांनी मागे दुसरा.

६/ यातून जन्मलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. इक्स हे क्रीडा-मोटारींच्या शर्यतींत पोर्शेचे चालक होते. प्रॉस्टच्या मॅक्लारेनमधले इंजिन पोर्शेने बनवलेले होते. तेव्हा पोर्शेच्या माणसाने पोर्शेचे इंजिन वाचवले आणि एका नवख्या मुलाचा विजय हिरावून घेतला. एक खलनायक, एक वंचित नायक आणि पाऊस. गोष्ट सांगायला इतकी सोपी आहे की ती तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. ती तपासली पाहिजे.

७/ पहिली तपासणी गणिताची. शर्यतीचे पुरेसे अंतर पूर्ण न झाल्याने सर्वांना निम्मे गुण मिळाले. विजयाचे ९ गुण असत, प्रॉस्टला ४.५ मिळाले. मोसमाच्या अखेरीस लाउडाचे ७२ गुण झाले, प्रॉस्टचे ७१.५. अर्ध्या गुणाने विश्वविजेतेपद गेले. शर्यत पूर्ण होऊन सेना जिंकला असता आणि प्रॉस्ट दुसरा आला असता, तर दुसऱ्या क्रमांकाचे पूर्ण ६ गुण धरून प्रॉस्टचे ७३ झाले असते. ज्या निर्णयाने प्रॉस्टला वाचवले असे म्हणतात, त्यानेच त्याचे विजेतेपद बुडवले असण्याची शक्यता मोठी आहे.

८/ अर्थात, हे गणित इक्स यांना त्या क्षणी माहीत असणे शक्य नव्हते. म्हणून ते त्यांच्या हेतूचा पुरावा होत नाही. पण ‘फायदा कोणाला झाला ते पाहा, म्हणजे हेतू कळेल’ ही जी युक्ती या कथेत वापरली जाते, ती किती कच्ची आहे हे यावरून दिसते. शिवाय सेनाची गाडी रस्त्याच्या कडेला आपटून तिच्या सस्पेन्शनला इजा झाल्याचे टोलमनच्या बाजूने पुढे सांगितले गेले. ती आणखी ४६ फेऱ्या टिकली असती का? बेलोफने दोघांनाही गाठले असते का? याची उत्तरे कोणाकडेच नाहीत. ‘हिरावलेला विजय’ हा शब्दप्रयोग मात्र उत्तर मिळाल्याच्या थाटात केला जातो.

९/ दुसरी तपासणी माणसाची. इक्स पावसाला घाबरणारे नव्हते. उलट पावसातले उस्ताद म्हणूनच त्यांची ख्याती होती. ग्रां प्रीमधला त्यांचा पहिला विजय ७ जुलै १९६८ चा, फ्रान्समधल्या रुआँ येथे, सार्वजनिक रस्त्यांवर आखलेल्या मार्गावर, पावसात. त्याच शर्यतीत सुरुवातीच्याच फेऱ्यांत जो श्लेसर हा चालक गाडीला लागलेल्या आगीत मरण पावला. शर्यत थांबवली गेली नाही. तेवीस वर्षांच्या इक्स यांनी ग्रां प्रीमधला आपला पहिला विजय मिळवला तो अशा दिवशी.

१०/ पुढच्याच वर्षी ल मां येथे चालकांनी रस्ता ओलांडून धावत जायचे, गाडीत उडी मारायची आणि निघायचे, अशी सुरुवातीची प्रथा होती. या घाईत सुरक्षापट्टे नीट बांधले जात नसत. निषेध म्हणून इक्स शांतपणे चालत गाडीपर्यंत गेले, पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाले. त्याच दिवशी पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ हा चालक ठार झाला. ती शर्यत अखेर इक्स यांनीच जिंकली आणि ती प्रथा तेथेच संपली. १९८४ मध्ये निशाण हाती घेतलेल्या माणसाचा पूर्वेतिहास हा होता. पोर्शेची नोकरी हा त्यातला एकच धागा.

११/ तिसरी तपासणी प्रॉस्टच्या हलणाऱ्या हाताची. ती खूण भित्रेपणाची किंवा धूर्तपणाची मानली जाते. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९८२ मध्ये, जर्मनीत हॉकेनहाइम येथे भर पावसात सराव चालू असताना उडणाऱ्या तुषारांमुळे दिदिए पिरोनीला पुढची गाडी दिसली नाही. तो ज्या गाडीवर मागून आदळला, ती प्रॉस्टची होती. पिरोनीच्या पायांची दुर्दशा झाली आणि त्याची ग्रां प्री कारकीर्द संपली. त्यानंतर पावसात प्रॉस्ट आरशात काय शोधत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

१२/ आता सेनाकडे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड हेही शहराच्या रस्त्यांवरचे सर्किट. १९८९ मध्ये तेथे मुसळधार पावसात प्रॉस्टने एका फेरीनंतर गाडी उभी केली आणि शर्यतीतून माघार घेतली. सेना आघाडीवर धावत राहिला आणि तुषारांच्या पडद्यात न दिसलेल्या मार्टिन ब्रंडलच्या गाडीवर मागून आदळला. ३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच शहरात पुन्हा तसाच पाऊस होता. या वेळी आघाडीवर असलेला सेना आकाशाकडे बोट दाखवून शर्यत थांबवा असे खुणावत होता. शर्यत थांबली, १४ फेऱ्यांवर निकाल लागला, सेना विजयी. त्याला कोणी भित्रा म्हटले नाही.

१३/ १९८४ चा प्रॉस्ट आणि १९९१ चा सेना यांच्या कृतीत फरक नाही. दोघेही आघाडीवर होते आणि दोघांच्याही पुढचा धोका खरा होता. फरक आपल्या मनातल्या नायकाच्या जागेत आहे. जो आपला, त्याची सावधगिरी शहाणपणाची. जो आपला नाही, त्याची सावधगिरी कपटाची. पानिपतावर भाऊसाहेबांनी गनिमी काव्याऐवजी गारद्यांच्या तोफखान्यावर भिस्त ठेवली, याचा निवाडा आपण १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ माहीत असल्यामुळे किती सहज करतो, हे या निमित्ताने आठवावे. निकाल ठाऊक असणे ही अभ्यासकाची सोय आहे. निर्णय घेणाऱ्याला ती सोय नव्हती.

१४/ मग इक्स निर्दोष ठरतात का? नाही. शर्यत थांबवताना त्यांनी इतर पंचांशी सल्लामसलत केली नाही आणि त्याबद्दल मोटार क्रीडेच्या नियामक संस्थेने त्यांच्यावर कारवाई केली. आक्षेप येथे खरा आहे. मॅन्सेल धडकला तेव्हा शर्यत चालू राहिली, लाउडा घसरला तेव्हाही चालू राहिली आणि आघाडीवीराच्या पाठीशी प्रतिस्पर्धी येऊन ठेपल्यावर थांबली. किती पाऊस झाला की थांबायचे, हे आधी ठरलेले नव्हते. ज्याचे एका कंपनीशी व्यावसायिक नाते होते, अशा एका माणसाच्या नजरेवर सारे सोडले होते. निर्णय प्रामाणिक असला, तरी तो तसा दिसण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. दोष आहे तो या रचनेचा.

१५/ न थांबण्याची किंमतही इतिहासात नोंदलेली आहे. ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधील सुझुका. पाऊस आणि मावळता प्रकाश अशा स्थितीत घसरलेली एक गाडी उचलण्यासाठी यंत्र मार्गालगत आले असताना शर्यत चालूच होती. ज्यूल बियांकीची गाडी घसरून त्या यंत्रावर आदळली. १७ जुलै २०१५ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्या दिवशी दहा मिनिटे आधी कोणी लाल निशाण दाखवले असते, तर त्यालाही ‘उगाच थांबवली’ हेच ऐकावे लागले असते. आणि बियांकी जगला असता.

१६/ भारतालाही हा प्रश्न आता परका नाही. चेन्नईच्या रस्त्यांवरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती. मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले आणि ती पुढे ढकलावी लागली. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ती सुरू झाली, तेव्हाही पावसाने पहिल्या दिवसाचे वेळापत्रक विस्कळीत केले. मान्सूनच्या देशात शहरातल्या रस्त्यांवर शर्यती भरवायच्या, तर थांबवण्याचा अधिकार कोणाचा आणि कोणत्या मोजमापावर, हे निशाण उचलण्यापूर्वी लिहून ठेवावे लागेल.

१७/ शेवटी पुन्हा कारधा. येथे वैनगंगेची पातळी मोजली जाते. इशाऱ्याची पातळी कोणती आणि धोक्याची कोणती, हे आकडे पूर येण्यापूर्वीच ठरलेले असतात आणि ते सर्वांना वाचता येतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातला पाऊस आणि संजय सरोवरातून सोडलेले पाणी एकत्र येऊन भंडाऱ्यात महापूर आला, तेव्हा नदी किती झपाट्याने चढते हे या काठाने पाहिले. मोजपट्टीने पूर अडत नाही. पण पूल बंद करणाऱ्याच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण ती ठेवत नाही.

१८/ मोनॅकोकडे त्या दिवशी अशी मोजपट्टी नव्हती. एक अनुभवी माणूस आणि त्याच्या हातातले कापड एवढेच होते. म्हणून थांबवणाऱ्याचा न्याय करताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. त्या क्षणी जे दिसत होते, त्यावरून थांबणे योग्य होते का? थांबवण्याची पद्धत नियमाला धरून होती का? आणि नियम आधी ठरलेला होता का? १९८४ साठी उत्तरे अनुक्रमे होय, नाही आणि नाही अशी आहेत. प्रचलित कथा दुसऱ्या उत्तरावरून पहिले ठरवते आणि तिसरा प्रश्न विचारतच नाही. जुना पूल बंद दिसला आणि पाणी अजून खालीच असले, तर कठड्याशी उभ्या माणसाला बोल लावण्यापूर्वी एकदा मोजपट्टीकडे पाहावे.