राखेखालचा निखारा

कृष्णविवर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दिसेल ते गिळणारा अवकाशातला बकासुर! मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, 'तो आपल्यालाही गिळेल का हो?'

तर ऐका. असा एक बकासुर आपल्याच आकाशगंगेच्या मध्यभागी आहे. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट! पण तो इतका दूर आहे, की तिथून आज निघालेला प्रकाश आपल्याकडे पोहोचायला सुमारे २६ हजार वर्षं लागतील. शिवाय सध्या तो जवळजवळ उपाशीच आहे.

हे कळतं कसं? कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही. पण त्यात पडण्याआधी वायू त्याच्याभोवती गरगर फिरतो, तापतो आणि चमकतो. अगदी आपल्या चुलीसारखं! सरपण भरपूर असलं की भडका उडतो. काही दीर्घिकांची केंद्रं अशी भडकतात, की त्यांच्यापुढे त्या दीर्घिकेतले सगळे तारे फिके पडतात. सरपण कमी पडलं, की उरतो राखेखालचा निखारा. आपल्याकडे तसंच आहे.

असे निखारे दुर्मीळ नाहीत बरं का! अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून शास्त्रज्ञांनी आपल्या आसपासच्या ४८६ दीर्घिकांच्या केंद्रांचा प्रकाश तपासला. १९९७ साली त्यांनी सांगितलं, की शंभरातल्या चाळिसांहून अधिक दीर्घिकांच्या पोटात अशी मंद धुगधुगी आहे. म्हणजे साध्यासुध्या दिसणाऱ्या दीर्घिकाही आतून साध्या नसतात!

आता बकासुराकडे वळू. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा फिरतो. एका फेरीला त्याला १६ वर्षं लागतात. तुम्ही पहिलीत असताना त्याची फेरी सुरू झाली, तर ती संपेपर्यंत तुमचं कॉलेजही आटोपलेलं असेल! राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रिया गेझ यांच्या गटांनी अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि त्यांच्या वेगावरून कृष्णविवराचं वस्तुमान काढलं. त्यासाठी त्या दोघांना २०२० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मे २०१८ मध्ये एस-२ कृष्णविवराच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७ हजार किलोमीटरहून जास्त होता. तरी तो गिळला गेला नाही. वळसा घालून सुखरूप परतला! मग आपण इतक्या लांबून कशाला घाबरायचं?

निखारा मात्र अधूनमधून फुलतो हं. मे २०१९ मध्ये तो अवरक्त किरणांत एकदम उजळला आणि दोनच तासांत पुन्हा मंदावला. २०२२ साली तर त्याच्या सावलीचं चित्रही जगाने पाहिलं.

पाऊस सरला, की ऑक्टोबरच्या सुरुवातीला काळोख पडल्यावर शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि नैर्ऋत्येला धनू रास शोधा. तिचे ठळक तारे चहाच्या किटलीसारखे दिसतात. किटलीच्या तोटीच्या टोकाशी पाहा. बकासुर तुम्हाला दिसणार नाही, पण तो तिकडेच आहे. आई-बाबांनाही दाखवा!