सहाव्या वर्षाआधीची शाळा

दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा. त्यानुसार कर्णबधिर मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो 6 ते 18 या वयात. भाषा मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत रुजते. बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत, असं तज्ज्ञ सांगतात.

सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर हे कसं जमायचं?

श्रवणयंत्र मिळालं म्हणजे काम झालं, हा मोठाच गैरसमज. मूल वाढतं तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि मूल ते काढून टाकतं. कोयना खोऱ्यातल्या पावसात यंत्रात दमट हवा शिरते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. हे आईला शिकवणार कोण? साचा बदलायला दर वेळी कराड-साताऱ्याला जायचं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी साचा, बॅटरी आणि वाचा-उपचार मिळायलाच हवेत. सोबत आई-वडील, आजी-आजोबांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे वर्गही हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाड्यांत जातातच. श्रवणदोषाची शंका असलेल्या मुलांची यादी तिथूनच या रुग्णालयाकडे यावी.