आधी गाठ, मग काठी

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा धक्क्यावर उन्हाळ्यात कधीही जा, माणसांपेक्षा सामान जास्त दिसतं. हातगाडीवर अर्धा डझन काठ्या, रिळांच्या पिशव्या, चकचकीत खोट्या आमिषांचे डबे. माणशी तिकीट काढून वीस-तीस अनोळखी लोक दोन-तीन दिवसांसाठी एका बोटीवर चढत असतात. कुणाची बोट कॉर्टेस बँक या समुद्रातल्या उथळ जागेकडे, कुणाची मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यानं खाली. डोळा कुप्याच्या जातभाई ब्लूफिन ट्यूनावर, यलोटेलवर आणि लांबच्या सफरीत सुरमईच्या कुळातल्या वाहूवर. इथं नोकरीला आलेली आपली मुलंही हल्ली हौसेनं जातात आणि जाण्याआधी विचारतात, "काका, काठी कुठली घेऊ?"

काठी भाड्यानं मिळते, हे माझं ठरलेलं उत्तर. घ्यायचेच कष्ट तर गाठीसाठी घ्या. गळाची गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करायची. कोरडा तंगूस घासून तापतो, तिथंच कमजोर होतो आणि मोठा मासा नेमका तिथंच तोडून जातो. घरी टीव्हीसमोर बसून गाठ सगळ्यांनाच जमते. बोटीवर ती डुलत्या डेकवर, अर्धवट उजेडात, शेजाऱ्याला मासा लागल्याचा गलका चालू असताना बांधायची असते. हातांना सवय हवी.

दुसरी तयारी पोटाची. बोट लागायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही. ती आदल्या रात्रीच घ्यावी. कानामागे लावायची पट्टी तीन दिवस चालते, पण तीही किमान चार तास आधी लावावी लागते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डब्यात केळी मात्र भरू नका. दर्याला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळ्यांना गंमत वाटेल, पण इथल्या बोटींवर केळं अपशकुनी मानतात आणि खलाशी ते खुशाल समुद्रात भिरकावतात.

बंदरातून निघताना बोट तरंगत्या पिंजऱ्यांपाशी थांबून जिवंत तारली भरून घेते. टाकीतून तारली उचलताना हात ओला हवा आणि पकड हलकी. तळव्याला खवले चिकटले तर ती तारली गेली, दुसरी घ्या. गळ नाकातून अलगद ओवायचा. तडफेनं बोटीपासून दूर पळणारी तारलीच ट्यूना गिळतो. मरगळलेलीकडे तो वळूनही बघत नाही. मासा लागला की जागेवर उभं राहायचं नाही, तो ओढेल तसं कठड्याच्या कडेनं चालत राहायचं. वाटेत शेजाऱ्याचा तंगूस आडवा आला तर खलाशी ओरडून सांगतो, वरून काढ किंवा खालून. त्या क्षणी वाद घालणाऱ्याचा मासा जातो आणि शेजाऱ्याचाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: कॅलिफोर्नियात सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला परवाना लागतो, मेक्सिकोच्या पाण्यात जाणार असाल तर पासपोर्टही. ब्लूफिनवर २०१५ पासून माणशी दिवसाला दोनची मर्यादा आहे. हौसेनं पकडलेला मासा विकणं बेकायदा आहे, त्यामुळे फ्रीजरमधली जागा निघण्याआधीच मोजा.

या सगळ्याच्या आधी करायचं एक काम मात्र फार थोडे करतात. या बोटींवर झोपायची बाकडी बहुधा डेकखाली असतात. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही पाणबुड्यांची मुक्कामी बोट जळाली. खाली झोपलेली ३४ माणसं गेली. वर येण्याचे दोन मार्ग होते, पण दोन्ही एकाच दालनात निघत होते आणि आग तिथंच होती. रात्री फेरी मारून पहारा देणारं कुणी नव्हतं. म्हणून बोटीवर चढलात की पिशवी बाकड्यावर टाकण्याआधी दुसरी वाट कुठं आहे आणि ती कुठं निघते, ते स्वतः चढून बघा. रात्री जागं कोण राहणार, हे कप्तानाला विचारा. फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि चांगला कप्तान अशा प्रश्नाचा राग मानत नाही.