ए.सी.चे पाणी गटारापर्यंत न्या

रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यातल्या मोहोपाड्यात इमारती वाढल्या, तसे ए.सी.ही वाढले. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. दमट दिवसांत दीड टनाचा ए.सी. तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो. म्हणजे रात्रीत अर्धी बादली. नळी भिंतीवर लोंबती सोडली की खालच्याच्या पत्र्यावर रात्रभर टपटप, भिंतीला ओल आणि दुकानदाराच्या मालावर डाग. त्यातून भांडण ठरलेले.

दोष बहुधा यंत्राचा नसतो, अर्धवट कामाचा असतो. आमच्या कारागीर बंधूंनी एक नियम पाळावा: पाणी गटारापर्यंत पोहोचल्याशिवाय काम पुरे समजू नये. पाइपाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहावा. नळीला सलग उतार द्यावा, मध्ये झोळ राहू देऊ नये. घरात पाणी गळत असेल तर आधी जाळी व तुंबलेली नळी साफ करावी. गळती न शोधता नुसता गॅस भरून पैसे घेणे ही लबाडी आहे.

गिऱ्हाइकांनीही दोन पैसे वाचवण्यासाठी शेजाऱ्याला त्रास देऊ नये. सोसायटीने प्रत्येक रांगेला एक सामाईक उभा पाइप टाकला, तर खर्च सर्वांत वाटला जातो. ज्याच्या कामाने शेजारी भांडत नाहीत, त्याच कारागिराला पुढचे काम मिळते.